मिलफर्ड, डाउटफुल की मार्लबरो : ठाणेकराने कोणता साउंड निवडावा?

न्यूझीलंडच्या सहलीची आखणी करताना ‘साउंड’ हा शब्द हटकून समोर येतो. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत सामुद्रधुनीला ‘सुंड’ म्हणत, त्यावरून तो आला. मिलफर्ड आणि डाउटफुल हे नावाने साउंड असले, तरी त्या हिमनद्यांनी कोरलेल्या आणि मग समुद्राने भरलेल्या दऱ्या आहेत.

ठाणेकराच्या डोळ्यांपुढची खाडी म्हणजे ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीला दिसणारा चिखल आणि त्यापलीकडची तिवरे. मिलफर्डला असा उतरता काठ जवळजवळ नाहीच. तिथे माइटर पीक हे शिखर पाण्यातूनच सुमारे 1,700 मीटर उभे चढते. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या ठाण्याच्या दुपटीहून अधिक पाऊस तिथे पडतो. पाऊस लागला म्हणून हळहळण्याचे मात्र कारण नाही, कारण एरवी कोरड्या असलेल्या कड्यांवरून त्याच दिवशी शेकडो धबधबे कोसळू लागतात. जंगलातून झिरपून आलेले हे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते आणि खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगत राहतो. त्याने उजेड अडतो, म्हणून खोल समुद्रातले काळे प्रवाळ तिथे उथळ पाण्यातही वाढते.

अडचण आहे ती अंतराची. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड सुमारे 290 किलोमीटर असल्याने एका दिवसात जाऊन येण्यात आठेक तास बसमध्येच जातात, आणि साउंडमधली बोटीची फेरी असते जेमतेम दोन तासांची.

डाउटफुल सुमारे 40 किलोमीटर लांब, म्हणजे मिलफर्डच्या अडीचपटींहून अधिक. 1770 मध्ये कॅप्टन कुकने आत शिरलो तर वाऱ्यावर बाहेर पडता येईल की नाही, या शंकेने जहाज बाहेरच ठेवले. नाव पडले ते त्यावरून. आजही तिथे थेट गाडीने जाता येत नाही. मानापौरी सरोवर बोटीने ओलांडून, विल्मट खिंडीतून बसने उतरून पुन्हा बोटीत बसावे लागते. खर्च वाढतो, पण गर्दी तितकीच कमी होते. दोन दिवस हाताशी असतील, तर बोटीवर मुक्काम करून डाउटफुलच पाहावे, असे माझे मत आहे. एकच दिवस असेल, तर मिलफर्ड.

मार्लबरोचे साउंड मात्र बुडालेल्या नदीखोऱ्यांचे आहेत. वेलिंग्टनहून पिक्टनला जाणारी फेरीबोट त्यांतूनच जाते, त्यामुळे सोबत वयस्कर आई-वडील असतील, तर तेवढे दर्शन पुरेसे आहे.

मुलांची मे महिन्याची सुट्टी असो वा दिवाळीची, दोन्ही वेळी मिलफर्डच्या वाटेवरच्या होमर बोगद्याकडचा रस्ता हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे बंद राहू शकतो. म्हणून मिलफर्ड ठरवल्यास वाटेवरच्या ‘ते आनाउ’ गावात एक रात्र जास्तीची राखून ठेवावी.