माणूस हरवल्याची ‘मिसिंग’: सरकारी सेवा कुठे चालते, कुठे अडते

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर आपल्याकडची यंत्रणा बऱ्यापैकी हलते. मोठा माणूस हरवला तर ती घरच्यांनीच हलवावी लागते. पोलीस ठाणं, पोर्टल, हेल्पलाइन, रेल्वे आणि शेवटी कोर्ट, अशा सगळ्या सेवेबद्दलचं आमचं मत एवढ्यात येतं. बाकीचा तपशील ज्यांना आज ठाण्यात जायचं आहे त्यांच्यासाठी.

मुलांच्या बाबतीत फरक पडला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशाने. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचाच, आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा. आता गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली लागतो. मूल दुसऱ्या हद्दीतून गेलं असलं तरी शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावा लागतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘चोवीस तास वाट बघा, येईल घरी’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. असा नियम कुठेही नाही, ना मुलांसाठी, ना मोठ्यांसाठी.

मोठ्या माणसाची फक्त ‘मिसिंग’, म्हणजे हरवल्याची नोंद, दाखल होते, कारण सज्ञान माणसाने घर सोडणं हा गुन्हा नाही. त्यामुळे ती व्यक्ती सापडली आणि ‘घरी कळवू नका’ म्हणाली, तर पोलीस जबाब घेऊन मिसिंग बंद करतात. पत्ता देत नाहीत. कडू वाटतं, पण ते बरोबर आहे. घातपाताचा संशय असेल, धमक्या किंवा पैशाचे व्यवहार असतील, तर ते पहिल्याच जबाबात लिहून घ्या. नंतर सांगितलेला संशय कागदावर लंगडा पडतो. ठाण्यातून निघताना मिसिंग क्रमांक, तारीख, तपास अंमलदाराचं नाव आणि नंबर हातात हवा.

सगळ्यात कच्चा भाग म्हणजे वर्णन. ‘रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात शर्ट-पँट’ यावरून कोणीच सापडत नाही. वर्णन घरीच कागदावर लिहून न्या: जुन्या फ्रॅक्चरची जागा, ऑपरेशनचे व्रण, गोंदण, पडलेले किंवा बसवलेले दात, शर्टाच्या कॉलरवरचं टेलरचं लेबल, चपलेचा नंबर, गळ्यातला दोरा, चालू गोळ्या, कोणती भाषा बोलतो. फोटो दोन द्या, एक चेहऱ्याचा आणि एक उभा, दोन्ही अलीकडचे. लग्नाच्या अल्बममधला मेकअपचा फोटो देऊ नका.

फोनबद्दल एक चूक वारंवार होते. घरचे घाबरून सिम बंद करून घेतात किंवा ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करतात. ती सोय चोरीच्या फोनसाठी आहे. माणूस फोनसकट गेला असेल तर ब्लॉक केल्याने त्याचा घरी फोन करायचा रस्ताच बंद होतो आणि टॉवर लोकेशनही जातं. उलट नंबर चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका, आणि कॉल रेकॉर्ड मागवण्याचा अर्ज तपास अंमलदाराकडे लेखी द्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन शोधसेवा उपयोगी आहे, पण नावाने शोधू नका. सापडलेल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा माहीतच नसतं आणि माहीत असलं तर स्पेलिंग वेगळं असतं. लिंग आणि तारीख टाका. वय दहा वर्षं मागे-पुढे धरा, कारण अनोळखी माणसाचं वय अंदाजाने लिहिलेलं असतं. महाराष्ट्र पाहून थांबू नका. गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा, कर्नाटक, गोवा बघा. गाडीत बसलेला माणूस एका रात्रीत त्यातल्या कुठेही पोचतो. अनोळखी मृतदेहांची यादीही त्याच वेळी बघावी लागते. ती टाळली जाते, समजण्यासारखं आहे, पण शवागृहात जागा मर्यादित असते आणि बेवारस म्हणून अंत्यविधी झाल्यावर हातात उरतात ते कपडे, फोटो आणि घेतला असेल तर डीएनए नमुना. जुळवणीसाठी आई-वडील किंवा मुलांचा नमुना लागतो. तो पोलिसांच्या पत्रावरच घेतला जातो.

रेल्वे हा वेगळा संसार आहे. लोहमार्ग पोलिसांची ठाणी शहर पोलिसांपेक्षा वेगळी आहेत आणि दोघांच्या नोंदी वेळेवर जुळतील या भरवशावर राहू नये. मुंबई-ठाण्यातून कोणी हरवलं तर त्या मार्गावरच्या प्रत्येक लोहमार्ग ठाण्यात फोटो स्वतः नेऊन द्या.

मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाली. २०२३ मध्ये ती सरकारने मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली. पण कॉल केला म्हणजे शोध सुरू झाला असं नाही. पत्र द्यायचं ते जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीला, आणि इथे घड्याळ चालू असतं. सापडलेल्या मुलाचे पालक मिळाले नाहीत तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं मूल चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं ठरवण्याची मुदत आहे. म्हणून शेजारच्या जिल्ह्यांतल्या आणि राज्यांतल्या समित्यांनाही फोटोसह पत्र पहिल्या आठवड्यातच जायला हवं. हे ठाण्यात क्वचितच कोणी सांगतं.

मानसिक आजार किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत चौकशी करा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे भटकणाऱ्या मनोरुग्णाचं कुटुंब शोधणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे; अर्जात कलम लिहिलं की सूर बदलतो. खाजगी कामात कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन निर्विवाद उजवी. रस्त्यावरच्या रुग्णाला आणायचं, औषधं द्यायची, काही आठवड्यांनी तो गावाचं नाव सांगू लागला की घरी पोचवायचं, असं ते काम आहे. संस्थापक डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र ही संस्था तुमच्या माणसाला शोधायला निघत नाही. आधीच मिळालेल्याला परत नेते.

आधारकडून ‘आमचा माणूस कुठे आहे’ हे कळत नाही. ती माहिती कुटुंबाला दिली जात नाही. उलट दिशेने मात्र ते चालतं: संस्थेतल्या मुलाची आधार नोंदणी करताना बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि घर सापडतं. नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रातून अशी पुनर्भेट झाल्याची उदाहरणं आहेत.

पत्रकावर स्वतःचा नंबर टाकू नका, ठाण्याचा टाका. ‘मुलगा आमच्याकडे आहे, तिकिटाचे पैसे पाठवा’ असे फोन हमखास येतात. आधी व्हिडिओ कॉल मागा, जमत नसेल तर तिथल्या ठाण्याचं नाव विचारा. पुढे बोलायचं काम तपास अंमलदाराचं.

कागदोपत्री बाजू सगळ्यात वाईट. सात वर्षं काहीच कळलं नाही तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ ने (पूर्वीचं १०८) मृत्यू गृहीत धरता येतो, पण तो आपोआप नोंदला जात नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून हुकूमनामा घ्यावा लागतो. तिथे मिसिंगची प्रत हाच पाया, म्हणून पहिल्या दिवसाची प्रत जपा आणि दर काही महिन्यांनी लेखी विचारणा करून पोच घ्या. हिंदू विवाह कायद्यात तेवढ्याच मुदतीवर घटस्फोटही मागता येतो. केंद्र सरकारी कर्मचारी हरवला असेल तर सात वर्षं थांबायची गरज नाही. तक्रार नोंदवून सहा महिने झाले की पोलिसांचा ‘मिळून येत नाही’ अहवाल आणि हमीपत्र देऊन कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करता येतो.

विम्याचं मात्र नीट ऐका. एलआयसीच्या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरला तरी तो हरवल्याच्या दिवशी झाला असं गृहीत धरता येत नाही. म्हणजे हप्ते थांबवले तर पॉलिसी आधीच बंद पडलेली निघते आणि दावा फेटाळला जातो. हुकूमनामा होईपर्यंत हप्ता भरत राहणं किंवा कंपनीकडून लेखी सवलत घेणं, दोनच मार्ग आहेत.