जो पासचा ‘फॉर जँगो’ परत ऐकला
काल बेळगावात पाऊस काय थांबेना, म्हणून टिळकवाडीत घरीच बसून अमेरिकन जॅझ गिटारवादक जो पासचा १९६४ चा ‘फॉर जँगो’ हा अल्बम लावला आणि सलग दोनदा ऐकला बघा. हा अल्बम ज्याच्या नावानं आहे त्या जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जायबंदी झाली तरी माणूस उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवायचा, आपल्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांनी क्षयातनं उठून गाणं नव्यानं उभं केलं तसंच की. जो पास जँगोची नक्कल करत बसत नाही, हे मला लई आवडलं. ‘न्वाज’ या जँगोच्या रचनेत एकेक सूर कसला मऊ पडतो, आणि मागं जॉन पिसानोची रिदम गिटार इतकी हलकी की हेडफोनशिवाय कळणारच नाही. ‘नाइट अँड डे’ तेवढं भिडलं नाही. गिटार शिकणाऱ्यांनी नक्की ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको.