विक्शनरी : एका भाषांतर तपासनिसाचा अभिप्राय

हिंदीतून मराठीत आलेली भाषांतरं तपासणं हे माझं रोजचं काम. अनोळखी शब्दांचा त्यात फारसा त्रास नाही. ते दिसले की कुणीही कोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचे. 'उसने उठने की चेष्टा की'चं 'त्याने उठण्याची चेष्टा केली' होतं आणि धडपडणारा आजारी माणूस टिंगलखोर ठरतो!

अशा शब्दांसाठी मी विक्शनरी उघडते, म्हणजे अनेक भाषांतल्या शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा ऑनलाइन कोश. २००२पासून चालू आहे, फुकट आहे. इथे पान भाषेचं नसतं, लिहिलेल्या रूपाचं असतं. 'शिक्षा' शोधा. हिंदी विभाग आधी: शिक्षण. त्याखाली मराठी: दंड. संस्कृत पार तळाशी, कारण भाषा इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या; म्हणजे पंगतीत आजीच शेवटी. तरी वाचायला तिथूनच घ्यावं. संस्कृतात शिकणं-शिकवणं, शिवाय उच्चारशास्त्राचं वेदांग. हाच शब्द इंडोनेशियात 'सिक्सा' होऊन पोचला, तो थेट छळ या अर्थाने. आपण मराठीवाले अलीकडच्या स्टेशनावर उतरलो एवढंच.

रोमन लिपीतलं 'गिफ्ट'ही बघाच. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये विष आणि 'विवाहित' दोन्ही (यावर स्वीडिश लोकांनी किती विनोद केले असतील!). मुळाशी सगळीकडे 'देणं'च. जर्मनमध्ये हुंड्याला 'मिटगिफ्ट' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

अडचण लिपीची. कानडीत 'शिक्षे' म्हणजे दंडच, पण लिपी वेगळी म्हणून पानही वेगळं. त्याहून फसवा नुक्ता. हिंदी 'राज़ीनामा' म्हणजे तडजोडीचा कागद, मराठी 'राजीनामा' म्हणजे नोकरीला रामराम. एका टिंबापायी दोघांची पानं निराळी. छापील हिंदीत तर ते टिंब सर्रास गळतं. म्हणून फारसी-अरबी वळणाचा शब्द असला की नुक्त्यासह आणि नुक्त्याविना, दोन्ही रूपं शोधावीत.

मराठी शब्दांना वापराची उदाहरणं मात्र इथे फार मिळत नाहीत. ती हवी असतील तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीला पर्याय नाही; तीही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मी दोन्ही शेजारी उघडी ठेवते.