‘घरबसल्या नोंदणीकृत मृत्युपत्र’ घेताना माझ्या मावशींची झालेली फसवणूक

ज्येष्ठ नागरिकांच्या मोबाईलवर ‘घरबसल्या नोंदणीकृत मृत्युपत्र’ अशा जाहिराती सर्रास येतात. अशाच एका जाहिरातीवरून जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावशींनी मृत्युपत्र करून घेतले, त्यासाठी नऊ हजारांना दोन रुपये कमी एवढी रक्कम मोजली, आणि हाती आला तो कायद्याच्या दृष्टीने रद्दीच्या मोलाचा कागद. मावशी हयात असतानाच हे उघडकीस आले म्हणून पुढचे निस्तरता आले. एरवी मृत्युपत्रातला दोष ते करणाऱ्याच्या पश्चातच बाहेर येतो आणि तक्रार करायला तो माणूसच उरलेला नसतो. असा धंदा करणाऱ्यांचे फावते ते नेमके यामुळेच.

मावशी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या यजमानांचे निधन होऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही, आणि राहता फ्लॅट त्यांनी स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून घेतलेला आहे. धाकट्या बहिणीची मुलगी लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढली, तेव्हा घर तिला मिळावे एवढीच त्यांची इच्छा. ‘घर माझ्या कष्टाचे आहे, मग ते माझ्या माणसांनाच जाणार’ असे त्या गृहीत धरून होत्या, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा समज असाच असतो. प्रत्यक्षात हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 15 प्रमाणे, अपत्य नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो आणि भाचीचा विचार तर फारच पुढे. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेचा नियम वेगळा आहे, परंतु मावशींचा फ्लॅट त्यात बसत नाही. त्यांचे दीर-पुतणे भले लोक आहेत, येणेजाणेही आहे. पण ज्या पुतण्यांनी या घरात कधी चार दिवस काढले नाहीत त्यांच्याकडे ते जावे, असे मावशींच्या मनात नाही. म्हणजे त्यांच्या बाबतीत वैध मृत्युपत्र असणे आणि नसणे यावर त्या मुलीच्या डोक्यावरचे छप्परच अवलंबून होते.

जाहिरातीवर बोट ठेवल्यावर लगेच फोन आला. पलीकडचा माणूस मराठीत, अत्यंत अदबीने, ‘मॅडम, तुम्ही फक्त माहिती भरा, बाकी सगळं आमच्याकडे’ असे बोलत होता. आधी 4,999 रुपयांचे ‘पॅकेज’ झाले. मग ‘स्टॅम्प ड्युटी’चे 500, ‘शासकीय नोंदणी’चे 2,500 आणि ‘व्हिडिओ साक्षीदारां’चे 999 रुपये असे एकामागून एक मागण्यात आले, आणि प्रत्येक वेळी आधीची रक्कम वाया जाईल ही भीती घालण्यात आली. पैसे यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नव्हे तर कुणा एका व्यक्तीच्या नावावर. शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी आला, तो टाकताच ‘डिजिटल सही’ झाली आणि काही वेळात पीडीएफ आली. तिची रंगीत छापील प्रत कुरियरनेही आली, हे मान्य करायला हवे. ती जाड कागदावर, सोनेरी किनारीची आणि दिसायला झकास होती.

ती प्रत मावशींनी माझ्याकडे जपून ठेवायला दिली, तेव्हा मी ती वाचली. वर निळा गोल शिक्का, त्याखाली ‘नोंदणी क्रमांक’ म्हणून इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांची लांबलचक माळ, कोपऱ्यात क्यूआर कोड. मिळकतीच्या वर्णनात भूमापन क्रमांक नाही, फ्लॅटचे क्षेत्रफळ नाही, चतुःसीमा नाहीत. पत्त्यात मात्र जुळे सोलापूरचे ‘जुलै सोलापूर’ झालेले. बँकेतल्या ठेवींचे क्रमांक तेवढे बिनचूक होते. शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांची नावे होती आणि दोघांचेही पत्ते परराज्यातले. मावशींना विचारले, ‘‘हे दोघे कोण?’’ तर त्या म्हणाल्या, ‘‘ते कंपनीचेच असतात म्हणे. व्हिडिओवर एकजण दिसला होता, दुसऱ्याचा कॅमेरा बंद होता.’’

आमच्या ओळखीच्या वकिलांनी ते कागद उलटसुलट पाहिले आणि बाजूला ठेवून दिले. त्यांनी जे समजावले ते मी येथे थोडे विस्ताराने देत आहे, कारण फसवणूक नेमकी कुठे आहे हे त्यावरूनच कळते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्रावर ते करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही सही माझीच’ असे मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेले असावे, आणि मग साक्षीदाराने त्याच्या समोर सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही, पण समोर असणे मात्र चुकत नाही. दुसरे म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या पहिल्या अनुसूचीत ज्या दस्तऐवजांना हा कायदा लागू होत नाही अशांची यादी आहे आणि तीत मृत्युपत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. 2022 मध्ये ही अनुसूची बदलली, तरी मृत्युपत्र त्या यादीतून निघाले नाही. म्हणजे भाडेकरारापासून बँकेच्या अर्जापर्यंत चालणारी आधार ओटीपीची ई-सही मृत्युपत्राला चालत नाही. ‘शंभर टक्के कायदेशीर डिजिटल मृत्युपत्र’ असे छापणारा माणूस एकतर कायदा वाचत नाही, किंवा वाचून आपल्याला फसवतो.

‘स्टॅम्प ड्युटी’चे 500 रुपये ही तर उघड लूट होती, कारण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. ते साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले असले तरी चालते. नोंदणीही नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 18 प्रमाणे ऐच्छिक आहे. मात्र ती करायची झाली तर ती दुय्यम निबंधकाकडेच होते, खासगी कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे.

तरीही खात्री करावी म्हणून आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने क्रमांक वाचून लगेच मान हलवली आणि विचारले, ‘‘मावशींना इथं आणलं होतं का? फोटो, अंगठा कुठं घेतला?’’ खऱ्या नोंदणीत दस्त सादर करणाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, आणि दस्तावर त्या कार्यालयाचे संक्षिप्त नाव, अनुक्रमांक आणि वर्ष येते. आमच्या कागदावर यातले काहीही नव्हते. मग त्याने क्यूआर कोड स्वतःच्या मोबाईलने उघडून पाहिला, तर अख्खे मृत्युपत्र ठेवींच्या क्रमांकांसकट समोर आले. याला ‘पारदर्शक पडताळणी’ म्हणत कंपनीने आपली बढाई मारलेली होती! मृत्युपत्रांची नोंद निबंधकाकडे पुस्तक क्रमांक 3 मध्ये होते आणि कलम 57 प्रमाणे, ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्या नोंदीची नक्कल तिला किंवा तिच्या मुखत्याराखेरीज कोणालाही मिळत नाही. तेव्हा ‘कोणीही स्कॅन करून तपासू शकतो’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे तो कागद सरकारी नाही, एवढे खुशाल समजावे.

पुढे काही दिवसांतच मावशींना बँकेच्या नावाने फोन आला आणि ‘नॉमिनी पडताळणी’साठी ओटीपी मागण्यात आला. फोन करणाऱ्याला ठेवीची रक्कम आणि मुदत दोन्ही ठाऊक होती. ही माहिती कुठून फुटली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण एखाद्याकडे काय काय आहे, कुठे आहे आणि ते कोणाला मिळणार आहे, याची इतकी नीटनेटकी यादी मृत्युपत्राइतकी दुसऱ्या कोणत्या कागदात असेल? मावशींनी शाळेत मुलांना दटावावे तसे त्याला दटावून फोन ठेवला. आम्ही त्याच दिवशी बँकेत जाऊन लेखी कळवले.

पैशांसाठी कंपनीला लिहिले, तर ‘सेवा पूर्ण झाली असल्याने परतावा देय नाही’ असे ठरीव उत्तर आले. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु तोवर पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. हा क्रमांक पैसे गेल्यागेल्या फिरवला तरच पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची आशा असते. पोलिसांकडेही लेखी तक्रार दिली, कारण खोटा नोंदणी क्रमांक आणि सरकारी वाटेल असा शिक्का दाखवून पैसे घेणे ही सरळ भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. म्हणून कंपनी दूरच्या शहरातली निघाली तरी खेटे सोलापुरातच घालायचे आहेत.

ऑनलाइन मसुदा तयार करून घेणे मुळात वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मसुदा तयार करून ‘हा छापा, दोन साक्षीदारांसमोर सही करा’ असे स्पष्ट सांगणारे प्रामाणिक लोकही आहेत. वाद आहे तो सही, साक्ष आणि नोंदणी मोबाईलवरच उरकून देण्याच्या आमिषाशी.

मावशींचे मृत्युपत्र आता नव्याने झाले आहे. मजकूर वकिलांनी मराठीत लिहिला आणि फ्लॅटचे वर्णन खरेदीखतावरून जसेच्या तसे उतरवले. साक्षीदार म्हणून शेजारचे एक गृहस्थ आणि मावशींच्या शाळेतल्या, वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एक शिक्षिका आहेत. वकिलांनी वयाचा आग्रह धरला, कारण पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम 68 होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 67 आहे. ज्या भाचीला घर मिळणार तिला सही करताना खोलीतसुद्धा थांबू दिले नाही. डॉक्टरांचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही, पण वय पाहता तो जोडला. नंतर नोंदणी झाली. तिला नाममात्र नोंदणी शुल्क आणि पानांच्या हिशोबाने हाताळणी शुल्क एवढाच खर्च आला. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी दुय्यम निबंधकांना अर्ज करून घरी बोलावण्याचीही तरतूद आहे, हे आम्हाला तिथेच कळले.

नव्या मृत्युपत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात, यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे लिहून त्या ऑनलाइन कागदाचा उल्लेख त्याच्या बनावट क्रमांकासह केला आहे. तो कागद मुळातच वैध नसताना याची गरज काय, असे मी विचारले. वकील म्हणाले, ‘‘तुमच्या-आमच्यासाठी नाही. अजून तो क्यूआर उघडतोय ना? उद्या कोणी त्याची छापील प्रत घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला दाखवायला.’’

ते पान काढून टाकण्याची मागणी आम्ही कंपनीकडे लेखी केली आहे. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही.