गोव्याच्या पावसात चार घड्याळं: अकरा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला मी एक नवं घड्याळ घेतलं तेव्हा घरात आधीच तीन होती. बायको म्हणाली, "हात दोनच आहेत तुमचे." प्रत्येक घड्याळाचं काम वेगळं असतं असं मी तिला ठणकावून सांगितलं आणि मग ते खरं करून दाखवणं अंगावर आलं. दसरा ते चवथ (गणेशचतुर्थी), असे अकरा महिने चारही घड्याळं आलटून पालटून वापरली. राहतो चोडण बेटावर, नोकरी पणजीत. म्हणजे रोज रायबंदरची फेरीबोट, पुढे स्कूटर आणि जूनपासून रेनकोट. ज्यांचं ऑफिसही एसी आणि गाडीही एसी, त्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी नव्याबद्दल. पातळ, पांढऱ्या तबकडीचं, तपकिरी चामडी पट्ट्याचं, सेलवर चालणारं. घेताना डोळ्यांसमोर लग्नंच होती. नोव्हेंबरात मडगावला एका मित्राच्या लेकीचं लग्न होतं, चर्चमधलं. सूट घातल्यावर कळलं की पातळ घड्याळाला लोक जास्त पैसे का मोजतात. शर्टाच्या कफाखाली ते अलगद जातं आणि हात पुढे केला की तेवढंच बाहेर डोकावतं. चेनचं जाड घड्याळ तिथे अडतं, बाही अर्ध्यावर थांबते आणि माणूस सारखा हात झटकत बसतो. हिवाळाभर लग्नं, मुंजी, ऑफिसातले निरोप समारंभ, सगळीकडे हेच घातलं. पैसे वसूल.

मग पाऊस आला. मे महिन्यात याचा सेल संपला होता. (नवं म्हणून घेतो, पण दुकानाच्या काचेआड ते किती महिने चालत पडलेलं असतं कोण जाणे.) पणजीत एका दुकानात दहा मिनिटांत सेल बदलून मिळाला. जुलैत एके दिवशी फेरीवर स्कूटरला टेकून उभा होतो. वेळ बघायला बाही वर केली तर काचेखाली वाफ धरलेली. सहाचा आकडा गायब, सेकंदकाटा धुक्यात जाऊन परत बाहेर येत होता. रेनकोट आपल्याला कोरडं ठेवतो हा एक गैरसमज आहे. हॅंडल धरलं की बाहीवरचं सगळं पाणी ओघळून नेमकं मनगटाशी येतं आणि तिथेच साठतं. अर्धा तास घड्याळ त्या पाण्यात.

त्याच दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "साहेब, पावसात घालायचं नसतं हे." मागे तर 30 मीटर लिहिलंय म्हटलं, तर त्यांनी खांदे उडवले. शेवटी म्हापशाच्या बाजारात एका जुन्या कारागिरापुढे ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि चिमट्याने केसासारखी बारीक काळी रिंग उचलून दाखवली. एका जागी चेपून सपाट झालेली. सेल बदलताना ती नीट न बसवता झाकण दाबलं होतं, पाण्याला तेवढी फट पुरली. त्यांनी घड्याळ सुकवलं, नवी रिंग घातली, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावलं आणि म्हणाले, "बाब, तीस मीटर म्हळ्यार तीस मीटर खोल न्हय."

मला हे पंचेचाळिशीत कळलं, तुम्हाला आधी कळावं. तो आकडा म्हणजे घड्याळ किती दाब सोसतं याची चाचणी, तीही नव्याकोऱ्या घड्याळाची. व्यवहारात 30 मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी आणि पावसाची सर. 50 वर थोडंफार पोहता येतं, 100 असेल तर समुद्रात जायला हरकत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांचा निकष वेगळाच असतो. रबराची रिंग घाम, साबण आणि वयाने कडक होते, म्हणून सेल बदलताना "रिंग पण बघा" एवढं समोर उभं राहून सांगायचं. आणि घड्याळाच्या बाजूची किल्ली आत दाबलेली आहे ना, हे पाण्यात जायच्या आधी बघायचं.

चामडी पट्ट्याचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये आतल्या बाजूला हिरवट बुरशी आणि शिळ्या सुंगटांसारखा (कोळंबीसारखा) वास. त्याआधीच तो काढून नायलॉनचा घातला असता तर वाचला असता. पट्टा बदलणं अगदी सोपं आहे. पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, माझं 20 मिलिमीटर भरलं, त्याच मापाचा पट्टा आणायचा. आता मृग लागला की चामडं डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या.

पावसाळ्यात हात दिला तो कॅसिओने. एफ-91डब्ल्यू, 1989 पासून जवळजवळ तसंच निघतंय, वजन जेमतेम 21 ग्रॅम. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो, म्हणजे चिखलातला खेळ, असतो, तिथे हेच घालून गेलो. (तो देव मूळचा आमच्या चोडणचाच.) अंगाला तेल, वर चिखल, त्यावर पावसाचा मारा. घरी येऊन नळाखाली धरलं, जुन्या ब्रशने पट्टा घासला, झालं. फक्त पाण्यात बटणं दाबायची नाहीत. सांजांवला (जूनमधल्या ख्रिस्ती सणाला) विहिरीत उड्या मारणाऱ्या भाच्याने मागितलं होतं, त्याला दिलं नाही. तेवढा विश्वास माझाही नाही.

पण याच घड्याळाने माझी लाजही काढली. आमच्या देवळाच्या कालोत्सवातल्या नाटकात मी प्रॉम्प्टर. रात्रीचा एक, रंगमंचावर राणी मरणासन्न राजाच्या उशाशी बसलेली, मंडपात चिडीचूप. आणि विंगेतून माझ्या मनगटावर टिक्-टिक् असे दोन बीप. तासाचा गजर बंद करायला विसरलो होतो. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "राजाक वेळ जाली रे!" राजा मेलेल्या तोंडाने हसला. तेव्हापासून नाटकाला, कीर्तनाला आणि मयताच्या घरी कॅसिओ नाही.

नाटकाच्या रात्री सेको फाईव्ह. शेजारच्या वाड्यावरचे एक तारवटी काका, आता निवृत्त, त्यांनी बोटीवर असताना आखाती बंदरात घेतलेलं, मला कधीतरी देऊन टाकलेलं. हाताच्या हालचालीवर चालतं, सेल नाही. काटे अंधारात चमकतात, विंगेत वेळ बघायला टॉर्च लागत नाही. दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढे पळतं, पण या जातीच्या यंत्राला तेवढं माफ असतं. कॅसिओ महिन्याभरात जेवढं चुकतं तेवढं हे दोन दिवसांत चुकतं. उन्हाळ्यात चेन घामाने मनगटाला चिकटते आणि केस ओढते, ते वेगळंच. रविवारी काढून ठेवलं तर मंगळवारी सकाळी बंद पडलेलं असतं. मग वेळ, वार, तारीख सगळं लावत बसा. रात्री नऊ ते पहाटे चारपर्यंत तारखेला हात लावू नये, आतली चक्रं तेव्हा गुंतलेली असतात.

मध्ये पुतण्याचं स्मार्टवॉच दोन आठवडे वापरलं. चांगलं आहे. पावलं मोजतं, मेसेज दाखवतं, मीटिंगमध्ये सारखं थरथरतं आणि समोरच्याला वाटतं आपल्याला निघायची घाई आहे. परत केलं.

उरलं बाबांचं एचएमटी जनता. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये तो कारभार गुंडाळला गेला. सुटे भाग आता जुन्याच घड्याळांतून काढून मिळतात, म्हणून हे रोज घालत नाही. पाण्यापासून शंभर हात लांब. पण चवथीला हेच. आंघोळ झाल्यावर किल्ली द्यायची, पंचवीस-तीस वेळा, बोटाला अडल्यासारखं लागलं की थांबायचं. बाबा आरतीआधी नेमकं हेच करायचे. यंदा माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-फांद्यांची चौकट) बांधायला स्टुलावर चढलो तेव्हा मुलाने खालून हात पुढे केला, "बाबा, घड्याळ द्या, ओल्या फांद्यांचं पाणी लागेल." काढून दिलं. खाली उतरून बघतो तर त्याच्याच मनगटावर, शेवटच्या भोकात अडकवूनही सैल, कोपराकडे घसरणारं.

पट्टा त्याच्या मापाचा करून द्यायचा की अजून दोन-तीन वर्षं थांबायचं, यावर घरात अजून एकमत नाही.