भुंकणारा डबा: दारामागं ठेवायचं कुत्रं

सांगलीच्या पेपरात घरफोडीची बातमी वाचा, मजकूर ठरलेला. बंद घराचा कडीकोयंडा उचकटला, कपाट फोडलं, दागिने लंपास. म्हणजे घर बंद असतं तेव्हाच हे होतं. आमच्याकडं कुत्रं आहे, चांगलं उंचंपुरं कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड, नाव बंड्या. पण आम्ही लग्नाला नाहीतर देवाला निघालो की बंड्याची रवानगी जतला, मेव्हण्याच्या मळ्यात. ज्या रात्री राखण पाहिजे, नेमका त्याच रात्री राखणदार गावाला. एवढ्यासाठी हा डबा घेतला.

डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा प्लॅस्टिकचा स्पीकर. दारामागं स्टुलावर ठेवायचा. बाहेर कुणी हललं की आतून कुत्रं भुंकल्याचा आवाज येतो, अगदी अल्सेशियन असावं तसा भरदार. ऑनलाइन मागवला, अडीच हजाराच्या आसपास बसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. मी मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो, त्यामुळं नवी वस्तू आली की आधी स्क्रू काढून आत बघायची खोड आहे. आत रडारचा छोटा सेन्सर आहे. स्पीडगनमध्ये असतं तेच तत्त्व: लहरी बाहेर जातात, हलत्या वस्तूवर आपटून परत येतात, परतलेल्या लहरीत फरक पडला की डब्याला कळतं. लाकडातून आणि काचेतून या लहरी पार जातात, म्हणून दार उघडावं लागत नाही. पत्र्यातून मात्र जात नाहीत. दुकानाच्या शटरमागं ठेवून बघितला, बाहेर पोरानं नाच केला तरी डबा ढिम्म. तेव्हा गाळ्यासाठी, गोडाऊनसाठी कुणी घेणार असाल तर पैसे वाचवा. घराला सागवानी किंवा प्लायवूडचं दार असेल तर चालतो. बाहेरून गजांचं सेफ्टी डोअर असलं तरी आमच्याकडं अडचण आली नाही.

भुंकण्याची पद्धत बरी जमवलीय. माणूस फाटकाजवळ असताना दोन-तीनदा भुंकून थांबतं, पायरीवर आलं की सलग सुरू. उलट निघून गेलं की गप्प. पण रेकॉर्डिंग एकच आहे. दुसऱ्या भुंकण्यानंतर एक बारीक घोगरा सूर येतो, तो दरवेळी त्याच जागी. एकदा ऐकणाऱ्याला कळणार नाही, आम्हाला आता पाठ झालाय.

खरी परीक्षा घेतली ती कुत्र्यांनी. बंड्याच्या पाठीवरचे केस पहिल्यांदा ताठ उभे राहिले, मग त्यानं डबा सगळ्या बाजूंनी हुंगला, वास काही सापडला नाही, आणि तो डब्यासमोरच पाय पसरून झोपला. आता डबा कितीही ओरडू दे, कान हलवत नाही. गल्लीतली काळी वेगळी. ती कुणाचीच नाही, सगळ्यांच्या शिळ्या भाकरीवर जगते. ती फाटकासमोर उभी राहून डब्याला उत्तर द्यायची, तिच्या हालचालीनं डबा पुन्हा भुंकायचा, त्यावर ती पुन्हा. रात्री हा सवाल-जवाब रंगला की आण्णा खाटेवरून ओरडायचे, "अरे, त्याचं बटण बंद कर आधी!" सेन्सरची संवेदनशीलता कमी करायचं एक बटण मागं आहे. ते अर्ध्यावर आणल्यावर फाटकाबाहेरचं दिसेनासं झालं आणि गल्ली झोपायला लागली.

आता माणसांचं. कुरिअरवाला पोरगा पार्सल फाटकावरून टाकून पळाला, म्हणजे अनोळखी माणूस फसतो. दूधवाला हसला. "मालक, बंड्याचा आवाज असला न्हाय," म्हणाला. तेव्हा गल्लीची नीट टेहळणी करून येणारा चोर फसेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सहज फिरता फिरता कुलूप बघून आत शिरणारा मात्र बिचकेल.

सगळ्यात जास्त फसल्या शेजारच्या काकू. आम्ही पंढरपूरला होतो आणि त्यांचा फोन: "कुत्र्याला आत कोंडून गेलायसा व्हय? बिचारं केव्हाचं वरडतंय!" त्यांनी खिडकीच्या फटीतून मारीची बिस्किटंही टाकली होती, आल्यावर मुंग्यांसकट सापडली. तेव्हा डबा लावणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि भुंकायला लागला तर बाहेर न येता खिडकीतून बघा, गडबड दिसली तर ११२ लावा, हेही सांगा. भुंकणं ऐकून उठणारं कुणी नसेल तर डब्याचा काय आणि कुत्र्याचा काय, उपयोग सारखाच.

आत ठेवताना काही गोष्टी बघाव्या लागतात. छताचा पंखा चालू राहिला तर डबा त्यालाच चोर समजतो. भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या पाइपातून टाकीचं पाणी खाली येताना दिसतं त्याला, म्हणून मोरीच्या भिंतीपासून लांब ठेवा. पडदा वाऱ्यानं हलला तरी तेच.

लाइटचं सांगतो, कारण माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही. डबा अॅडॅप्टरवर चालतो, आत बॅटरी नाही. आपल्याकडं बऱ्याच घरांचा मीटर आणि मेन स्विच बाहेर व्हरांड्यात असतो. चोरानं तो खाली ओढला की आतलं कुत्रं मेलं. वायफायच्या राउटरला लावतात तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मधे जोडा, काम भागतं. आम्ही शामरावनगरात राहतो. २०१९ च्या महापुरात घर सोडलं तेव्हा आण्णांना पाण्यापेक्षा चोराची धास्ती जास्त होती, आणि तेव्हा लाइट दिवसेंदिवस नव्हती. एवढ्या मोठ्या मुदतीला यूपीएसही पुरणार नाही, तो रात्रीपुरता उपाय आहे.

मागच्या परसात सोलरचा सायरनवाला दिवाही लावला होता. तो माणसाच्या अंगाची ऊब ओळखून चालतो. एप्रिल-मेमध्ये भिंती, फरशी सगळंच अंगाएवढं तापतं, मग त्याला माणूस वेगळा दिसत नाही. संध्याकाळी अगदी जवळ जाईपर्यंत पेटायचा नाही. थंडीत मात्र मांजरालाही पेटतो. दारामागं ठेवायला रडारवालाच घ्या.

"त्यापेक्षा खरं कुत्रं पाळा की," असं म्हणणारे भेटतात, आणि सांगलीत तो सल्ला कारवानीपाशीच येऊन थांबतो. मग मुधोळच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली होती, २००५ ला पोस्टाचं तिकीट निघालं, सगळं ऐकावं लागतं. खरं आहे ते. पण ही जात शिकारीची, डोळ्यानं सावज हेरून सुटणारी. आमचा बंड्या भिंतीवरच्या मांजरामागं बाणासारखा जातो, आणि रात्री फाटकाशी अनोळखी माणूस आला की नुसता उभा राहून बघतो. पहिली वर्दी काळीच देते. शिवाय खऱ्या कुत्र्याला दोन वेळचं खायला, दरवर्षी रेबीजची लस, रोज मोकळं फिरणं पाहिजे. निव्वळ चोरासाठी साखळीला बांधून ठेवायचं असेल तर पाळूच नका. डब्याचा एक गुण बंड्यात नाही: तो भाकरीला फितूर होत नाही. सुक्या बोंबलाचा तुकडा दाखवला तर बंड्या चोराला कपाटापर्यंत सोडून येईल.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा रेकॉर्डिंग एकच असल्याबद्दल कापला, एक बॅटरी नसल्याबद्दल. सोनं लॉकरमध्येच ठेवतो, ते डब्याच्या भरवशावर घरात आणलेलं नाही. घेणाऱ्यांसाठी एक राहिलं: डबा चालू-बंद करायच्या रिमोटचा सेल बारा व्होल्टचा बारका येतो, किराणा दुकानात मिळत नाही, घड्याळवाल्याकडं मागा. आणि गावाला जाताना रिमोट बरोबर न्या, नाहीतर परत आल्यावर स्वतःच्याच दारात उभं राहून भुंकणं ऐकत कुलूप काढायला लागतं.