ट्रॅव्हल मोटर ‘गेलीय’ म्हणून माझीच मोटर मला परत विकली

मंडळी, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझी एक छोटी पोकलेन आहे, साडेतीन टनाची, कर्जावर घेतलेली. शेततळी, पाइपलाइनच्या चरी, घराचा पाया असली कामं करतो. माझ्यासारखी एकेक मशीनवर पोट असणारी पोरं आपल्याकडं खूप आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय, जरा लांबलं तरी वाचा.

गेल्या मे महिन्यात जांबोटीकडं चर मारताना मशीन उजवीकडं ओढायला लागलं, म्हणजे डावी चेन नीट पळायची आणि उजवी चढाला दम टाकायची. नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं मशीन पुढं-मागं केलं आणि म्हणाला, उजवी ट्रॅव्हल मोटर गेली, नवी टाकावी लागेल, ९२ हजार. (ट्रॅव्हल मोटर म्हणजे तेलाच्या दाबावर चेन फिरवून मशीन पळवणारी मोटर, दोन्ही बाजूला एकेक असते.) पावसाच्या आधी कामं उरकायची होती, पार्टी डोक्यावर बसलेली, बायकोचे दागिने ठेवून पैसे दिले. रोख दिले, बिल नाही. तो मोटर काढून घेऊन गेला, चार दिवसांनी निळी चकचकीत मोटर बसवून गेला आणि मशीन पळायलाही लागलं की ओ.

ऑगस्टात भाताच्या शेतातनं मशीन बाहेर काढलं आणि चेनमधला लाल चिखल पाण्याच्या प्रेशरनं धूत होतो तर स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळ, निळ्या रंगाचा पापुद्रा सुटला. खाली जुना पिवळा रंग, आणि झाकणावर ड्रेन प्लगच्या बाजूला पोचा. तो पोचा मी ओळखतो, खाणीत दगडावर आपटून माझ्याच हातानं पडलेला. खंडेनवमीच्या पूजेचा फोटो मोबाईलमध्ये काढून बघितला, हळदीकुंकवाच्या बोटांच्या शेजारी तोच पोचा. हातपाय गार पडले.

उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी खालचा सेंटर जॉइंट बघितला, म्हणजे मशीनच्या वरच्या फिरत्या भागातनं खालच्या मोटरांना तेल पोचवणारा जोड, तिथं सील किट नवीन टाकलेलं. म्हणजे खरा दोष तिथं होता, तेल आतल्या आत पास होत होतं, काम काही हजारांचं. मोटरच्या नंबरप्लेटीचे रिव्हेटसुद्धा उडवलेले होते.

मिस्त्री म्हणाले, मोटर उघडायच्या आधी एक टेस्ट असते, मशीन बंद करून, प्रेशर सोडून दोन्ही मोटरच्या होजा (तेलाच्या नळ्या) आपसात बदलायच्या. दुबळेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर मोटर चांगली आहे, दोष जॉइंट, व्हॉल्व्ह नाहीतर पंपात. जागेवरच राहिला तर मग मोटरकडं बघायचं. हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी फसवणूक तर त्याहून वाईट. दर सर्व्हिसिंगला तो मेकॅनिक ‘दोन्ही हबचं गिअर ऑइल बदललं’ म्हणून पैसे घ्यायचा. हब म्हणजे ट्रॅव्हल मोटरला लागून असलेला गिअरचा डबा. मिस्त्रींनी डाव्या बाजूचा प्लग सोडला तर डांबरासारखं काळं तेल आलं, बोटावर चोळलं तर चांदीच्या भुकटीगत लोखंड चमकत होतं. त्या प्लगला पाना कधी लागलेलाच नव्हता, मातीचा थर तसाच. हे गिअर ऑइल हायड्रॉलिक तेलापेक्षा वेगळं असतं आणि माझ्यासारख्या छोट्या मशीनला एका बाजूला लिटरच्या आतबाहेरच लागतं, बहुतेक ठिकाणी ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं, पण आपल्या मशीनचं पुस्तक बघा. एवढ्याशा तेलासाठी आतले गिअर खाल्ले गेले हे बघून जीव तुटला.

आता मी स्वतः करतो. सपाट जागेवर मशीन थोडं सरकवून एक प्लग बरोबर खाली आणायचा, तेल कोमट असताना काढायचं, आणि भरताना मधल्या उंचीच्या प्लगमधनं तेल ओघळायला लागलं की थांबायचं. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, फ्लोटिंग सील, म्हणजे हबात पाणी-माती शिरू न देणारं सील, बघा. पातळी आपोआप वाढलेली असेल तर मोटरच्या शाफ्ट सीलमधनं हायड्रॉलिक तेल आत येतंय. आणि रोज संध्याकाळी स्प्रॉकेटमागचा चिखल काढा, आमच्याकडची लाल माती वाळली की सिमेंटगत बसते आणि सील तीच खाते.

मेकॅनिककडं गेलो तर आधी ओरडला, फोटो दाखवल्यावर गप्प. २० हजार दिले, बाकीचे ‘दिवाळीनंतर’ म्हणाला. आता फोन उचलत नाही. खानापूर-बेळगाव पट्ट्यात कोणाला निळी ‘नवी’ ट्रॅव्हल मोटर बसवून देतो म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी जुनी मोटर दारात ठेवून घ्या, आणि नव्या मोटरचा रंग नखानं खरवडून बघा.